ब्राँझ कोरी: अंडी पांढरी पडतात, फुटलेली पिल्लं आठवड्याच्या आत मरतात

रेती_आणि_रोपं
मंडळी, दोन फुटी टाकीत ब्राँझ कोरी (तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे) आहेत, 3 नर आणि 3 माद्या. पाऊस सुरू झाल्यापासून काचेवर अंडी घालतायत. अंडी काढून 8 लिटरच्या प्लास्टिक डब्यात ठेवतो. डब्यात नवा स्पंज फिल्टर, पाणी गडद निळं होईपर्यंत मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध), हीटर 29 अंशांवर. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) 520, पीएच 8. निम्म्याहून जास्त अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी होतात. बाकीची फुटतात, पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिल्लं मरू लागतात. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक देतोय. नेमकं काय बदलू?

मिशीवाले_मासे
दादा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी पिल्लांचं सांगतो, कारण तिथे कारण स्पष्ट दिसतंय.

नव्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू नसतातच. त्यात मिथिलीन ब्लू टाकलं की जे थोडेफार वाढू पाहतात तेही मरतात. म्हणजे डब्यात फिल्टर दिसतोय, पण तो फक्त बुडबुडे सोडतोय. वर बलक. बलक काही तासांत सडतो आणि अमोनिया चढतो. पीएच 8 आणि 29 अंशांना एकूण अमोनियापैकी साधारण 7 टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच 7 आणि 25 अंशांना हेच प्रमाण अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास राहतं. तेवढीच घाण, पण तुमच्या डब्यात विष दहापट.

म्हणून अंड्यांचा डबा आणि पिल्लांची टाकी वेगळी ठेवा. अंड्यांच्या डब्यात फिल्टर नको, फक्त एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड). बुडबुडे अंड्यांवर थेट आदळू देऊ नका, शेजारून पाणी हलतं राहिलं की पुरे. मिथिलीन ब्लू अंदाजाने ओतायचं नाही: 1 टक्का द्रावण असेल तर 5 लिटरला 1 मिली, तुमच्या 8 लिटरला दीड मिली. पाणी फिकट निळं दिसलं पाहिजे, आत अंडी नीट दिसली पाहिजेत. तापमान 24 ते 26. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंडी फुटतील. फुटली की दिवसातून दोनदा थोडं थोडं पाणी बदलून निळा रंग घालवा, मग पिल्लं दुसऱ्या टाकीत. तिथला स्पंज मात्र मोठ्या टाकीत किमान महिनाभर चाललेला हवा. आजच एक जादा स्पंज मोठ्या टाकीत सोडून ठेवा.

पिल्लांच्या टाकीत पाणी 10–12 सेंमीच. कोरी वर येऊन हवा गिळतात आणि आतड्यातून श्वास घेतात, पिल्लांनाही पृष्ठभाग जवळ लागतो. पृष्ठभागावर तेलकट साय धरू देऊ नका.

शेवाळी_काच
वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता अंड्यांचं.

दर मादीला दोन नर असावेत. तुमच्याकडे एकास एक आहे, आणखी 3 नर आणा. वरून पाहिलं तर मादी पोटाशी रुंद आणि मोठी दिसते, नर सडपातळ.

मादी नराच्या पोटाला तोंड लावते आणि इंग्रजी टी अक्षरासारखी जोडी दिसते, ते तुम्ही पाहिलंच असेल. 1995 साली जपानी संशोधकांनी याच जातीत दाखवून दिलं की मादी नराचं वीर्य गिळते, ते आतड्यातून झपाट्याने जाऊन मागे बाहेर पडतं आणि पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पोहोचतं. हे सगळं काही सेकंदांत. त्यामुळे त्या वेळी लाईट लावणं, हात घालणं, टाकीसमोर गर्दी करणं टाळा. जोडी विस्कटली की ती खेप फलित होत नाही. पॉवरहेडचा (पाणी ढकलणाऱ्या पंपाचा) झोत जोरात असेल तर तेवढ्यापुरता कमी करा.

अंडी लगेच काढू नका. घातल्या घातल्या ती मऊ असतात आणि दाबली जातात. काही तासांनी कवच कडक होतं, तेव्हा बोटाने हळूच लोळवली की सुटतात. नाहीतर जुनं एटीएम कार्ड वापरा. पण रात्रभरही ठेवू नका, मोठे मासे ती खातात. डब्यात ढीग न करता सुटी सुटी पसरा. पांढरं पडलेलं अंडं ड्रॉपरने रोज काढा, त्याची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यावर चढते. चांगलं अंडं हळूहळू बदामी-तपकिरी होतं आणि फुटण्याआधी आत डोळे दिसतात.

520 टीडीएसमध्ये कोरी जगतात, पण अंडी फलित होण्यासाठी मऊ पाणी बरं. पावसाचं पाणी निम्मं मिसळा, टीडीएस 260–270 वर येईल. पत्र्यावरून किंवा गच्चीवरून आलेलं घेऊ नका. पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्या, मग उघड्यावर टब ठेवून थेट साठवा. याच पाण्याने, 3–4 अंश थंड असताना, टाकीतलं निम्मं पाणी बदललं की बहुधा एक-दोन दिवसांत पुन्हा अंडी मिळतात. हवेचा दाब उतरलेला असेल, ढग भरून आलेले असतील, तेव्हा हा बदल करा. त्याआधी दहा-बारा दिवस माद्यांना ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि डासांच्या अळ्या द्या.

रेती_आणि_रोपं
खूप आभार. दोन शंका. पिल्लांना खायला आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी महाग पडतात, नुसत्या मायक्रोवर्मवर (बारीक पांढऱ्या किड्यांवर) भागेल का? आणि पिल्लांच्या टाकीत तळ रिकामा ठेवू की वाळू?

दाणापाणी
भागेल, वाढ थोडी सावकाश होईल एवढंच. फुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस काहीच देऊ नका, पोटाची पिवळी पिशवी संपू द्या. त्यानंतर मात्र एक दिवसही उपास नको. मायक्रोवर्म तळाशी जातो आणि पाण्यात बरेच तास जिवंत राहतो, कोरीच्या पिल्लांना हेच सोयीचं. ओट्सची घट्ट लापशी गार करून डब्यात दोन सेंमी थर द्या, वर चिमूटभर यीस्ट, मग विरजणाइतके किडे, झाकणाला भोकं. आठवड्यात ते डब्याच्या भिंतीवर चढतात, तिथूनच पुसून घ्या, लापशी टाकीत पडू देऊ नका. आंबूस सोडून कुजका वास आला की नवा डबा लावा. नेहमी दोन डबे चालू ठेवा, उन्हाळ्यात एक हमखास खराब होतो.

आर्टेमिया रोज नको, एक दिवसाआड पुरेल. 1 लिटर पाण्यात 25 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चमचा अंडी, 27 अंश, जोरात हवा आणि उजेड. 24 तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, केशरी पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. खालून काढून बारीक कापडावर गोड्या पाण्याने धुवा. उरलेली टाकीतच मेली तर तळ सडतो, म्हणून दिवसातून तीन-चारदा आणि अगदी थोडं द्या.

मिशीवाले_मासे
तळाबद्दल माझं मत बारीक वाळूच्या बाजूने, थर जेमतेम 3–4 मिमी. रिकाम्या काचेवर बुळबुळीत थर जमतो आणि पिल्लं दिवसभर त्यावरच पोट टेकून असतात. मिश्या झिजतात, पर सडतात, ते तिथूनच. वाळूचा थर जाड केला तर अन्न आत अडकून तेच होतं.

शेवाळी_काच
मी रिकामा तळच सुचवेन, निदान पहिले तीन आठवडे. मेलेलं पिल्लू आणि उरलेलं खाणं लगेच दिसतं. बुळबुळ रोज कापसाच्या बोळ्याने पुसा, एअर पंपच्या नळीने सायफन करा आणि नळीचं तोंड पांढऱ्या बादलीत सोडा, ओढली गेलेली पिल्लं परत घेता येतात. चार-पाच रॅम्सहॉर्न गोगलगायी सोडल्या तर काम हलकं होतं. पाणी रोज 30 टक्के बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि त्याच टीडीएसचं.

पिल्लं मोठ्या टाकीत नेताना जाळी वापरू नका. पराचे काटे जाळीत अडकून मोडतात. वाटीने पाण्यासकट उचला. दोन सेंमीच्या वर गेल्याशिवाय आईबापांबरोबर ठेवू नका, खाण्याच्या वेळी ती मागे पडतात.