अंधारात चमकणारे डोळे : कुणाचे, कुठे पाहिलेत? अनुभव लिहा

रात्री बॅटरी मारली आणि समोर दोन डोळे लकाकले, हे गावाकडं राहिलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. लहानपणी आम्हाला सांगायचे की मांजराच्या डोळ्यात स्वतःचा उजेड असतो. तसं नाहीये. दारं-खिडक्या बंद करून पूर्ण काळोख केला तर मांजराचे डोळे अजिबात चमकत नाहीत, उजेड आपलाच असतो, बॅटरीचा, गाडीचा नाहीतर अंगणातल्या बल्बचा. मांजर, कुत्रा, गाय, बिबट्या या सगळ्यांच्या डोळ्यात पडद्याच्या मागे एक चकचकीत थर असतो, टॅपेटम ल्युसिडम म्हणतात त्याला. आत आलेला जो उजेड पडद्याच्या हातून निसटतो तो या थरावर आपटून परत पडद्यातून जातो, म्हणजे तेवढ्याच उजेडात जनावराला जास्त दिसतं. त्यातूनही उरतो तो आला त्याच वाटेने बाहेर पडतो, म्हणून चमक बॅटरी धरणाऱ्याला दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला कित्येकदा दिसतच नाही.

मला या गोष्टीचं फार वेड आहे म्हणून हा धागा काढलाय. प्राणी कुठला, रंग कसा, जमिनीपासून किती वर, हलत होते का, जे आठवतं ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलंच.

उसातला_पाटील :
जुन्नरकडचा आहे. आमच्याकडं थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणजे दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जायचं, त्यामुळं डोळे ओळखणं ही आमच्यासाठी हौस नाही, गरज आहे. कुत्रं असलं की मान सारखी हलते, डोळे विझतात-पेटतात. गाई-म्हशींचे हिरवट-निळसर, वर, आणि संथ. मांजराचे जवळजवळ आणि बारीक. बिबट्याचे पिवळट सोनेरी, मधे बऱ्यापैकी अंतर, आणि तो बघतच राहतो, नजर काढत नाही. मागच्या हंगामात बांधावर असे दिसले, जमिनीला टेकल्यासारखे खाली, सोबतचा पोरगा म्हणाला कोल्हा असेल. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका मंडळी, बिबट्या दबा धरून बसला की त्याचे डोळेही कोल्ह्याएवढेच खाली येतात. आम्ही दोघं ताठ उभे राहिलो, बॅटरी डोळ्यांवरच ठेवली, मोठ्यानं बोलत बोलत मागं सरकलो, पाठ नाही दाखवली. तो पाच मिनिटांनी सरीत शिरला. एकटं जाऊ नका आणि उसाकडं पाठ करून वाकून काम करू नका, वाकलेला माणूस त्याला जनावरच वाटतो.

मीनलताई :
पाटीलदादा, वाचताना अंगावर काटा आला. रानडुकरांचंही असंच ओळखता येतं का? आमच्या भुईमुगात फार येतात.

उसातला_पाटील :
नाही ताई, डुक्कर दगा देतं. त्याचे डोळे असे चमकत नाहीत, तो थरच नसतो त्याला. आवाजावरच ओळखायचं, खुसपूस, मुसमुस. बॅटरीत काही दिसलं नाही म्हणून पुढं जाऊ नका, पिल्लं असलेली मादी सरळ अंगावर येते.

खाडीकाठचा :
आमच्या रत्नागिरीकडे पहिला पाऊस पडला की रात्री खेकडे पकडायला बाहेर पडतात. बॅटरी हातात खाली धरली तर नुसतं गवत दिसतं, तीच भुवईशी टेकवून धरा, नाहीतर डोक्याला बांधायची घ्या, आणि मग जमिनीकडे बघा. दवावर ऊन पडल्यासारखे हिरवट-निळे ठिपके सगळीकडे चमकायला लागतात! एक ठिपका निवडायचा, नजर न हलवता चालत जायचं, जवळ गेलं की कळतं कोळी आहे. जाळं न विणणारे, जमिनीवर पळून शिकार करणारे कोळी, त्यांच्या आठांतल्या काही डोळ्यांना असाच थर असतो. एकदा एका ठिपक्यापाशी वाकलो तर मादी होती, पाठीवर पिल्लांचा नुसता ढीग, ती हलली की पिल्लंही सगळी हलत होती. खेकडे राहिले बाजूला, मी तिथेच उकिडवा बसलो. खाडीत कोळंबीचे डोळेपण बॅटरीत लाल-नारिंगी दिसतात, पाण्याखाली जोड्या जोड्या सरकतात. ज्यांना बिबट्या बघायचा योग नाही त्यांनी हे नक्की करा, घरामागच्या परड्यातही दिसेल.

सदाशिवपेठी_माऊ :
आमची पांढरी मांजर, एक डोळा निळा एक पिवळा. रात्री मोबाईलचा फ्लॅश पडला की पिवळा डोळा हिरवा चमकतो आणि निळा डोळा लालभडक. मला वाटलं निळ्याला काही झालंय, लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आत बघून सांगितलं की अगदी ठणठणीत आहे, अशा निळ्या डोळ्यात रंगद्रव्य कमी असतं आणि बऱ्याचदा तो चमकणारा थरही नसतो किंवा विरळ असतो, मग मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग दिसतो. आपल्या फोटोत डोळे लाल येतात ना, तेच. आता ती दारात येऊन बसली की दोन्ही रंग एकदम बघायला मला फार आवडतं.

घाटातला_चालक :
रात्रीची गाडी चालवतो. रस्त्यावर अगदी डांबराला चिकटून लालसर एकच ठिपका दिसला तर तो बहुतेक रातवा असतो, पक्षी, तापलेल्या रस्त्यावर बसतो आणि चाकाजवळ गेल्यावरच उडतो. वेग कमी करा, वाचतो बिचारा. दुसरं म्हणजे गुरं. डोळे चमकले तर नशीब, पण पाठमोरी गाय बसलेली असली तर काहीच चमकत नाही, नुसता काळा गोळा. पावसाळ्यात कोरड्या जागेसाठी कळपच्या कळप हायवेवर बसतात. ज्यांची गुरं मोकळी फिरतात त्यांनी शिंगांना आणि गळ्यात चमकणारी पट्टी बांधा, हात जोडून सांगतो.
रस्त्यावरच्या कॅट आयची, म्हणजे डांबरात बसवलेल्या त्या चमकणाऱ्या ठोकळ्यांची, कल्पनापण मांजराच्या डोळ्यांवरूनच. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी 1934 मध्ये पेटंट घेतलं. घाटात धुकं उतरलं की त्या माणसाची आठवण येते.

उत्तरेकडची_लेक :
नॉर्वेत ट्रॉम्सोला राहते, माहेर सातारा. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. रेनडिअरचा तो थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो, त्याच जनावराचा! लंडनचे ग्लेन जेफ्री आणि इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये हे मांडलं. काळोखात बाहुली महिनोन्महिने ताणून उघडी राहते, डोळ्यातला दाब वाढतो, थरातले कोलॅजनचे धागे जवळजवळ येतात आणि परत येणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. तेव्हा उजेड कमी परत येतो पण आतल्या आत जास्त पसरतो, म्हणून डोळा अंधाराला जास्त संवेदनशील होतो. डिसेंबरात एका पाळणाऱ्या कुटुंबाकडे गेले होते, डोक्याच्या दिव्यात एक मादी वळून बघत होती, मला तर निळसरच वाटले डोळे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायला गेले तर ती म्हणाली आधी स्वेटर घाल.

दृष्टी_तपासनीस :
थोडं वेगळं लिहिते, पण धाग्यावर बसतं आणि मनापासून लिहिते. माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो, तरी उजेड परत येतोच, आणि तो बघायला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनी 1851 मध्ये जे यंत्र काढलं त्याच तत्त्वावर आम्ही रोज डोळ्याच्या आत बघतो. लहान मुलांच्या फ्लॅशच्या फोटोत दोन्ही डोळे लाल येणं ठीक आहे. पण एक लाल आणि दुसऱ्यात वारंवार पांढरी किंवा पिवळट चमक आली तर ती कौतुकाची गोष्ट नाही. कधी फोटोच्या कोनामुळे येते, पण मोतीबिंदू असू शकतो, रेटिनोब्लास्टोमा म्हणजे पडद्याचा कॅन्सरही असू शकतो. लवकर कळलं तर जीव वाचतो, कितीदा नजरही वाचते. एका आईने बारशाचे फोटो बघताना ओळखून बाळाला आणलं होतं, वेळेत आणलं. ‘मांजरासारखा डोळा दिसतो’ म्हणून कुणी हसत असेल तर त्यांना थांबवा आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

कृष्णाकाठ :
सांगली. आमच्याकडे नदीत मगरी आहेत, डोळे लाल-नारिंगी, पाण्याच्या बरोबर पातळीला. बाकी सगळं अंग पाण्याखाली. दोन डोळ्यांतलं अंतर बघून जाणते लोक जनावर केवढं ते सांगतात, आणि मगरींची रात्रीची मोजणीपण अशी डोळ्यांवरच करतात. पण बॅटरी विझवली की तिथं काही आहे हे कळायची सोय नाही. म्हणून रात्री मोटर बघायला जाताना आम्ही वरच्या काठावरूनच पाण्यावर सावकाश बॅटरी फिरवतो, वर एकदा, खाली एकदा, आणि मगच खाली उतरतो.