ग्रुपमधलं माणूस गेलं तर आपण काहीच बोलायचं नाही का?

खाडीकाठची (ऐरोली)

कोपरीकरांची कालची पोस्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या घरी कधी पाणी प्यायला गेला नाहीत त्याच्यासाठी ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकणं हे नाटक आहे, ग्रुपवर शेकडो 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि स्मशानात मोजून सात-आठ माणसं, दुःख घरच्यांचं असतं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपमधले नेरूळचे काका गेले. समोरासमोर मी त्यांना फारच कमी भेटले, तेही डीपीएस तळ्याच्या कडेला उभ्या उभ्या. पण सकाळी उठल्यावर पहिला मेसेज काकांचा असायचा, आज भरती अमुक वाजता. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित (फ्लेमिंगो) उठून सीवूड्सकडच्या तळ्यांवर येतात, त्यामुळे भरतीची वेळ माहीत नसेल तर फुकट हेलपाटा. नवीन कोणी फोटो टाकून विचारलं की हा मोठा रोहित का लहान, तर 'आधी सर्च करा' असं काका कधीच म्हणाले नाहीत. चोच बघ, सगळीच गडद असेल तर लहान, गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा. हे त्यांनी प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने लिहिलंय. २०२४ च्या उन्हाळ्यात तळ्यात येणारं पाणी अडलं आणि पक्षी मरायला लागले तेव्हा भर उन्हात जाऊन फोटो काढून टाकणारे पण काकाच.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी लोकांनी ग्रुपवर नुसते इमोजी नाही टाकले, काकांनी दिलेली जुनी उत्तरं शोधून शोधून टाकली. त्यांच्या मुलीने नंतर लिहिलं की बाबा मोबाईलमध्ये डोकं घालून काय करतात म्हणून आम्ही चिडायचो, ते आज कळलं. याला नाटक म्हणणार?

कोपरीकर

ताई, तुमच्या काकांबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. मी का लिहिलं ते ऐका.

माझा धाकटा भाऊ गेला. सायकलिंगच्या ग्रुपमध्ये होता. आम्ही हॉस्पिटलमध्ये कागदपत्रांसाठी थांबलो होतो, आईला काहीच सांगितलं नव्हतं, तिला बीपीचा त्रास, डॉक्टरांना बरोबर घेऊन घरी जायचं आणि मग सांगायचं असं ठरलं होतं. तेवढ्यात कोणीतरी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, हार घातलेला, दोन बाजूला समया, खाली मोठ्या अक्षरात नाव. तो फिरत फिरत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रडत वर जाऊन आईच्या गळ्यात पडल्या. आई गॅससमोर दूध तापवत उभी होती. तिला पाच मिनिटं कळेना की ही बाई का रडतेय.

त्या फोटोवर दीडेकशे लोकांनी हात जोडले होते. आपण एका आईला काय केलंय याची एकालाही कल्पना नव्हती. आता सांगा मला ग्रुपचं प्रेम.

नौपाड्यातली

कोपरीकर, वाचून पोटात कालवलं. पण चूक त्या घाईची आहे ना, दुःखाची नाही. घाई तर नातेवाईक पण करतात, आमच्याकडे आत्या गेल्याचं चुलत भावाने फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा तिचा मुलगा पुण्याहून यायला निघाला होता, त्याला लोणावळ्याला मोबाईलवर कळलं.

घोडबंदरवासी

मुळात आपल्या लोकांना दुःखाचंसुद्धा प्रदर्शन करायचं असतं. ग्रुप राहू दे, रस्त्यावर बघा. आमच्या नाक्यावर सिग्नल दिसत नाही एवढे बॅनर, गेलेल्या माणसाचा फोटो वर आणि शोकाकुल म्हणून खाली पंचवीस चेहरे गॉगल लावून. बेकायदा होर्डिंगवर हायकोर्टाने २०१७ मध्ये निकाल देऊनही काही फरक नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ माणसं गेली तरी अक्कल येत नाही.

किसननगरचा

घाटकोपरचं ते जाहिरातीचं अवाढव्य होर्डिंग होतं, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा त्याच्याशी काय संबंध? कुठलंही कुठे जोडू नका.

घोडबंदरवासी

संबंध असा की दोन्हीला परवानगी नाही आणि दोन्हीचा त्रास टॅक्स भरणाऱ्याला.

किसननगरचा

टॅक्स आम्ही पण भरतो. आमच्या इथले रिक्षावाले मामा गेले तेव्हा स्टँडवरच्या पोरांनी वर्गणी काढून फ्लेक्स लावला. पेपरात निधनवार्ता द्यायची कोणाच्या लक्षात येणार, आणि दिली तरी त्यांच्या पॅसेंजरला ती कशी दिसणार? त्या फ्लेक्समुळे दोन शाळकरी मुलींच्या आया घरी येऊन गेल्या, मामा त्यांच्या मुलींना शाळेत सोडायचे. बारावं झाल्यावर फ्लेक्स उतरवला तर मामींनी तो पुसून, घडी घालून कपाटात ठेवला. तुम्हाला कचरा दिसतो कारण त्यावरचं माणूस तुमचं नाही.

घोडबंदरवासी

मामांच्या फ्लेक्सबद्दल मी बोलत नव्हतो, पुढाऱ्यांच्या बोलतोय. मामांचा बाराव्याला उतरवलात ना, मग ठीक आहे. बाकीचे पावसाळा संपेपर्यंत लोंबकळतात त्याचं काय ते बोला.

खाडीकाठची (ऐरोली)

बॅनरसाठी कृपया दुसरा धागा काढा. पण किसननगरच्या दादांनी माझाच मुद्दा मांडलाय. माणसाची घराबाहेर पण माणसं असतात आणि घरच्यांना त्यांचा पत्ता नसतो. नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनचं बऱ्याच जणांना माहीत असेल, स्नायूंच्या आजाराने व्हीलचेअरवर, २०१४ मध्ये २५ व्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं पोराला मित्रच नाहीत, दिवसरात्र एकटा गेम खेळतो. वडिलांनी त्याच्याच ब्लॉगवर बातमी टाकली आणि गेममधल्या दोस्तांचे ईमेल यायला लागले, काहीजण तर दुसऱ्या देशातून अंत्यसंस्काराला आले. त्यांनी गप्प बसायला हवं होतं का?

कोपरीकर

बातमी वडिलांनी टाकली. तुम्हीच लिहिलंय. मी दुसरं काय म्हणतोय?

आणि उलटं पण झालंय. २००१ मध्ये अमेरिकेत केसी निकोल नावाची ब्लड कॅन्सर झालेली मुलगी ऑनलाइन लिहायची, ती गेली म्हणून शेकडो लोक रडले, नंतर कळलं अशी मुलगीच नव्हती, एका बाईने सगळं रचलेलं होतं. न भेटलेल्या माणसावर जीव लावायचा तो किती, हा प्रश्न राहतोच.

नौपाड्यातली

फसवणारे प्रत्यक्षात पण भेटतात, म्हणून आपण माणसांवर जीव लावायचं सोडत नाही.

वाशीकर

सगळे भांडताय त्यात कामाची गोष्ट राहून जातेय. काकांचा नंबर ग्रुपमधून काढायचा नाही असं तुम्ही ठरवलं असेल, पण तुमच्या ठरवण्याने काही होत नाही. खातं १२० दिवस वापरलं नाही की व्हॉट्सअ‍ॅप साधारणपणे ते बंद करतं आणि माणूस ग्रुपमधून आपोआप बाहेर. सिमला रिचार्ज नसेल तर नंबर बंद होतो आणि ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधला मित्र गेला, त्याच्या वाढदिवसाला एकीने त्याच्या नंबरवर मोठा मेसेज लिहिला, मन मोकळं करायला म्हणून. दुपारी उत्तर आलं, 'कौन?' ती दोन दिवस जेवली नाही.

म्हणून घरात एकाला तरी सांगून ठेवा की आपण कुठल्या ग्रुपमध्ये आहोत आणि कोणाला कळवायचं. गुगलवर २०१३ पासून आणि फेसबुकवर २०१५ पासून आपल्या पश्चात खातं कोणाकडे जावं ते लिहून ठेवता येतं. किती जणांनी केलंय?

कोपरीकर

भावाचं सिम मी अजून रिचार्ज करतोय. कोणाला पटो न पटो.

खाडीकाठची (ऐरोली)

दादा, ते न पटणारं कोण असेल? तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते कुठल्याच ग्रुपवर होऊ नये एवढं मी नक्की मानते. पण त्यासाठी सगळ्यांनी तोंड मिटावं हे मला आजही मान्य नाही. आमच्या अ‍ॅडमिनना सांगून नियम करून घेते, घरचं कोणी स्वतः कळवेपर्यंत ग्रुपवर एक अक्षर नाही. नंतर लिहा पोटभर.

कोपरीकर

हार घातलेला फोटो तर कधीच नाही, हे पण टाका त्यात. आणि लिहिणाऱ्यांपैकी निदान दोघांनी घरी जाऊन यायचं, पंधरा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर. भावाच्या ग्रुपमधून एकजणच आला होता. आईशी तासभर बोलत बसला, भाऊ येऊरच्या चढावर कसा सगळ्यांच्या मागे थांबायचा ते सांगत. त्या एकाचं मी मानतो. बाकीच्यांचं नाही, आणि तुमच्या धाग्याने ते बदलणार पण नाही.

नौपाड्यातली

पाहुणे पांगल्यावर जायचं हे पटलं. पण जो मस्कतला बसलाय तो कसा येणार? त्याने लिहिलेलं तरी मोजा.

कोपरीकर

मस्कतवाल्याने फोन करावा. टाइप करू नये.