डीआय जीपला टर्बो बसवला, परतीचं ऑइल चेंबरमध्ये कुठून सोडायचं?

जीपवाला_कराड

नमस्कार मंडळी. गाडी 1998 ची जीप, 2523 सीसी डीआय (थेट इंजेक्शनचं डिझेल इंजिन), मुळात बिनटर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा नसलेली. घाटात दुसऱ्या गिअरला रडत चढायची म्हणून गेल्या दिवाळीत एक जुना टर्बो मिळाला तो बसवून घेतला. मॅनिफोल्ड लेथवाल्याकडून बनवला, ऑइलची फीड प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून घेतली. तिथवर सगळं झकास.

घोळ परतीच्या लाइनीचा आहे, म्हणजे टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणाऱ्या नळीचा. मेस्त्रीने चेंबरला (इंजिनाखालची तेलाची टाकी) ड्रेन नटाच्या दोन बोटं वर भोक पाडलं आणि 8 मिमीची तांब्याची नळी जोडली. म्हणाला, तेल शेवटी खालीच जायचंय, जितकं खाली सोडू तितकं बरं. आता चहाच्या टपरीपुढे गाडी पाच मिनिटं चालू ठेवली की निळा धूर. टपरीवाला लांबूनच हात करतो, पुढं घे म्हणून. टर्बोच्या पुढच्या रबरी पाइपात बोट घातलं तर तेलाने माखून बाहेर येतं. सील गेले म्हणून टर्बोला दुरुस्तीचं किट टाकलं, काडीचा फरक नाही. मेस्त्री आता दुसरा टर्बो बघ म्हणतोय.

भोक नक्की कुठं पाडायचं? आणि चेंबर न उतरवता पाडता येईल का? उतरवायचं तर पुढचा एक्सल खाली सोडावा लागतो, दोन दिवसांचं काम आहे.

घाटमाथा_77

किट लोकल टाकलं असेल भावा. चांगल्यातलं टाक, धूर बंद.

जुना_फिटर

किटला दोष देऊ नका, आणि दुसरा टर्बो तर मुळीच घेऊ नका. पैसे पाण्यात जातील. मी बत्तीस वर्षं डिझेल इंजिनं खोलली, त्यात "सील गेले" म्हणून आलेले कितीतरी टर्बो आतून ठणठणीत निघाले.

आधी हे समजून घ्या की टर्बोच्या शाफ्टला रबरी ऑइल सील नसतो. पिस्टनला असतात तशा बारीक लोखंडी रिंगा असतात. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, रबर तिथं टिकेल कसं? त्या रिंगा मुख्यतः वायूचा दाब अडवतात. तेल अडवायचं काम त्यांचं नाहीच, तेलाने तिथं साचायचंच नसतं. वरून पंपाच्या दाबाने येतं आणि खाली आपल्या वजनाने पडतं. परतीच्या लाइनीत ढकलणारं कुणी नाही, ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप कळतं.

शिवाय ते तेल म्हणून बाहेर येत नाही, ताक घुसळल्यावर वर फेस येतो ना, तसं येतं. हवा आणि तेल एकत्र. फीडची नळी बारीक चालते, कारण मागे दाब आहे. फेसाला 8 मिमीची नळी म्हणजे लग्नाच्या पंगतीची खरकटी भांडी न्हाणीच्या मोरीत घासण्यातला प्रकार. तुंबणारच. आतून निदान अर्धा इंच हवी, आणि मी तर 16 मिमीच्या खाली जात नाही.

दुसरं, तुमचं भोक तेलात बुडालेलं आहे. नळीतला फेस खालच्या तेलाला ढकलून आत शिरायला बघतो, शिरत नाही, नळी भरत भरत वर टर्बोपर्यंत येते. इंजिन मंद चालू असताना कॉम्प्रेसरच्या बाजूला बूस्टचा, म्हणजे दाबलेल्या हवेचा, दाब नसतो, म्हणून तुंबलेलं तेल रिंगांवरून ओघळतं. टपरीसमोरचा धूर तो हाच.

आता जागा. तेल मोजायच्या गजावरच्या (डिपस्टिक) वरच्या खुणेपर्यंत तेल भरलेलं असताना भोक त्या पातळीच्या वर आलं पाहिजे. ती पातळी चेंबरवर बाहेरून कशी शोधायची? गवंडी लेव्हल काढतात तशी. पुढच्या ऑइल बदलाला ड्रेन नटाच्या जागी निपल लावून पारदर्शक नळी जोडा, तिचं तोंड वर बांधा, मग तेल भरा. गाडी सपाट जागी उभी हवी. नळीत तेल जिथं थांबेल तिथं चेंबरवर खडूने रेघ मारा. भोक त्या रेघेच्या वर. क्रँक जिथं तेल फेकतो त्याच्या थेट समोर मात्र नको.

चेंबर न उतरवता ड्रिल मारायचा विचार सोडा. ड्रिलला ग्रीस लावलं की बुरादा आत पडत नाही असं सांगणारे भेटतील. बराचसा अडकतो, सगळा नाही. उरलेला जाळीतून पंपात जातो, फिल्टर पंपाच्या नंतर आहे. दोन दिवस वाचवून पंप घालवाल.

आणि एक विचारायचं राहिलं. ब्रीदरचा पाइप, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोटातली) हवा बाहेर सोडणारा, सध्या कुठं जोडलाय?

जीपवाला_कराड

काका, एवढं बैजवार कुणी सांगितलं नव्हतं. ब्रीदर आधी एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपाला होता. तो पाइप टर्बोमुळे बदलला, म्हणून मेस्त्रीने टर्बो आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पाइपाला जोडून दिला. चढाला ऑइल भरायचं झाकण उघडलं होतं एकदा, फस्सकन तेल अंगावर आलं होतं. मला वाटलं पिस्टन गेले.

जुना_फिटर

अहो, टर्बो जी हवा दाबतोय ती तुम्ही उलटी क्रँककेसमध्ये घालताय! चेंबरमध्ये दाब भरला की परतीचं तेल खाली येईल कसं? ब्रीदर टर्बोच्या आधी, फिल्टरच्या बाजूला न्या, नाहीतर एका डब्यात मोकळा सोडा. हे आजच करा, त्याला एक्सल सोडावा लागत नाही. आणि ते केल्यावरही ब्रीदरमधून भकाभक धूर येत असेल तरच पिस्टन-रिंगांची काळजी करा.

लेथवर_बसलेला

फिटर काकांचं बरोबर. बुशबद्दल, म्हणजे होज जोडायला भोकात बसवायच्या नळकांडीबद्दल, माझे दोन शब्द. पत्र्याच्या चेंबरला टॅप मारून आटे पाडू नका, दीड मिमीच्या पत्र्यात एक-दीड आटा बसतो, आठवड्यात गळतं. माइल्ड स्टीलचा बुश बनवा, त्याला खांदा ठेवा, तो बाहेरून पत्र्यावर टेकवून वेल्ड करा. आतल्या बाजूला बुश दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डोकावू देऊ नका.

चेंबर आधी डिझेलने, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा. तेलकट पत्र्यावर वेल्डिंगला बुडबुडे येतात. साध्या आर्कने पत्रा जळतो, सीओटू वेल्डिंग करा किंवा गॅसने पितळ भरा. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेंबर मोकळा ठेवून वेल्ड करणं. पॅकिंगची कड वाकते आणि मग जन्मभर गळती. जाड प्लेटला बोल्टने आवळून, चार टाके मारून, थांबत थांबत करा.

तपासायला बाहेरून वेल्डवर खडू ओला करून फासा, वाळू द्या, आतून डिझेल ओता. अर्ध्या तासात पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला की तिथं पिनहोल.

पुण्याचा_हॅचबॅक

माझ्या गाडीचा चेंबर ॲल्युमिनियमचा, कुणी वेल्ड करेना. मी आरपार फिटिंग टाकलं, आतून नट आणि दोन्हीकडे बाँडेड (रबर चिकटवलेले) वॉशर. दोन वर्षं झाली, कोरडं आहे. होज मात्र ऑइलचाच घ्या. पहिल्यांदा रेडिएटरचा तुकडा लावला होता, महिन्यात फुगून पावासारखा मऊ झाला.

जीपवाला_कराड

तीन आठवड्यांनी लिहितोय. ब्रीदर त्याच दिवशी फिल्टरकडे नेला, चढावरचा धूर तिथंच निम्मा झाला. टपरीसमोरचा मात्र होता तसाच, काका म्हणाले तसंच.

मग एक्सल सोडला. नळी लावून पातळी काढली, तेल पॅकिंगच्या कडेपासून 62 मिमी खाली थांबलं. भोक कडेपासून 30 मिमीवर घेतलं. बुश 250 रुपयांत झाला, आतून 16 मिमी. जुन्या भोकावर पत्र्याची टिकली मारली. खडूच्या परीक्षेत टिकलीवरच एक ठिपका उमटला, बुश पास. चेंबर चढवल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवून बघितला, कुठं लागत नाही.

होज सरळ उतरता बसवलाय, पण मधे सायलेन्सरच्या पाइपाजवळून जातो, तिथं काचेच्या दोऱ्याची पट्टी गुंडाळली. काल टपरीपुढे वीस मिनिटं गाडी चालू ठेवली. मेस्त्री पण आला होता, मागे उकिडवा बसून सायलेन्सरकडे बघत होता. काही बोलला नाही, चहाचे पैसे त्याने दिले.

काका, एकच शंका. एक्सल पूर्ण वर आला की होजपासून बोटभर अंतर राहतं. ऑफरोडला पुरेल का?

जुना_फिटर

नाही पुरणार. एक्सलचे बंपर रबर जुने असतील तर आधी तेच बदला, आणि होजच्या खालच्या टोकाला सरळ निपलऐवजी 45 अंशांचं बेंड टाका, दोन बोटं तरी मिळतील. बेंडनंतर उतार राहिला पाहिजे, तेवढं बघा.