अंगणातले तळे बुजवायचे आहे, पण त्यातल्या जीवांचे काय करावे?

अंगणवेल :
माझ्या सासऱ्यांनी १२ वर्षांपूर्वी आमच्या गंगापूर रोडवरच्या घराच्या अंगणात ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे सिमेंटचे तळे बांधून घेतले होते आणि त्याची सगळी निगा तेच राखत. गेल्या वर्षी ते गेले. आता माझी मुलगी दहा महिन्यांची झाली असून दार उघडे दिसले की ती रांगत थेट तळ्याच्या काठाशी पोहोचते, त्यामुळे तळे ठेवायचे नाही हे घरात ठरले आहे. डेंग्यूची भीतीही आहेच.

अडचण त्यातल्या जीवांची आहे. तळ्यात कुमुदिनी आहे, असंख्य गप्पी मासे आहेत आणि दोन मोठे कोई मासे आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून बेडकांची शेपटीवाली शेकडो पिल्ले पायरीवरचे शेवाळ खरवडत असतात, आणि त्यांतल्या काहींना मागचे पाय फुटलेले मी परवाच पाहिले. गेल्या आठवड्यात काठावरच्या दगडांत एक साप दिसला, तो पाणदिवड असावा असे शेजारी म्हणतात. गणपतीपूर्वी तळे उपसून बुजवावे आणि मासे व बेडूक गोदावरीत सोडावेत असा विचार आहे. यात काही चुकत असल्यास कृपया सांगावे.

पाणकाठ :
ताई, तळे बुजवण्याचा निर्णय योग्यच आहे, कारण रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरते. मात्र गणपतीपूर्वी ते उपसू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चार वर्षांपूर्वी म्हसरूळच्या घरी आम्ही ऐन श्रावणात मोटर लावून हौद उपसला. पाणी संपले तेव्हा तळाच्या गाळात तडफडणारी पिल्ले दिसली. ती आम्ही ओंजळीने बादल्यांत भरली, पण निम्मीही वाचली नाहीत. पुढे त्याहून वाईट झाले. गवंडी पंधरा दिवस फिरकला नाही, तळाशी पावसाचे पाणी साचले, आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी व चतुरांची पाण्यातली पिल्ले आम्हीच काढून टाकलेली असल्यामुळे त्या पाण्यात अळ्यांची वळवळ सुरू झाली. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. मासे असलेल्या तळ्यापेक्षा उपसून उघडे ठेवलेले तळे कितीतरी अधिक धोक्याचे असते, हे आम्हाला तेव्हा कळले.

बेडकांच्या पिल्लांना पाण्याबाहेर पडायला साधारण महिना-दीड महिना लागतो. मागचे पाय फुटले आहेत म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणांची वेळ जवळ आली आहे. परतीचा पाऊस संपला की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, तळे उपसावे. तोवर बहुतेक पिल्ले निघून गेलेली असतील आणि थंडीही पडलेली नसेल. थंडीत बेडूक गाळात दडून बसतात आणि फावड्याखाली सापडतात. सध्या काठावर एक तिरकी फळी पाण्यात सोडून ठेवा, नखाएवढी पिल्ले तिच्यावरून बाहेर येतात.

गोदावरीत मात्र काहीही सोडू नये. रामकुंडावर मासे सोडण्यात पुण्य आहे असे मानणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे; पण गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, कोई तळ उकरून पाणी गढूळ करणारे, आणि आपल्या नदीचे पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेला जाते. जलपर्णीने नदीचे काय केले ते आपण दरवर्षी पाहतोच, तेव्हा कुमुदिनीही नाल्यात टाकू नका. मासे आणि रोपे ज्यांच्याकडे बंदिस्त हौद आहे अशा ओळखीच्यांना द्यावीत. मोठे बेडूक कुठेही नेण्याची गरज नाही, ते आपोआप बागेत पांगतात.

ओटापार :
मी बांधकामाच्या कामात आहे, म्हणून फक्त बुजवण्याविषयी लिहितो. आपले तळे १०० घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास आहे आणि त्यात सुमारे २,८०० लिटर पाणी मावते. हे पाणी गटारात न सोडता चार-पाच दिवस झाडांना द्यावे, आणि मोटरच्या तोंडाला जाळीदार कापड बांधावे. भरण्यापूर्वी तळाच्या काँक्रीटला पहारीने चार-पाच ठिकाणी आरपार भोके पाडणे फार महत्त्वाचे आहे. ते न केल्यास वर माती टाकली तरी खाली पाणी साचून राहते आणि झाडे कुजतात. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर थराथराने ठोकलेला मुरूम आणि वरचे नऊ इंच माती व तळ्यातलाच गाळ, असे भरावे. नुसती काळी माती भरू नये, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून तो हिशेबापेक्षा थोडा अधिकच मागवावा.

वनवाट :
पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटीची नक्षी आणि डोळ्याखाली तिरपी काळी रेघ असेल तर तो पाणदिवडच. तो बिनविषारी आहे, पण डिवचला तर कडकडून चावतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे कोणी काठी उचलू नये. तळे गेले की बेडूक-माशांचे खाद्य संपते आणि तो स्वतःच निघून जातो. मात्र साप नीट पाहिल्याशिवाय ओळख पक्की मानू नये, आणि दगड हलवण्याच्या दिवशी अनुभवी सर्पमित्राला बोलवावे किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

अंगणवेल :
सर्वांचे मनापासून आभार. बुजवण्याचे काम दिवाळीनंतर करण्याचे आज सासूबाईंशी बोलून ठरवले. तोवर मुलीसाठी तळ्यावर लोखंडी जाळी बसवून घेते. बेडकांना येता-जाता यावे म्हणून भोके किती मोठी ठेवावीत?

ओटापार :
दीड इंचाची वेल्डमेश घ्या आणि खाली लोखंडी अँगलची चौकट द्या, म्हणजे मोठा माणूस उभा राहिला तरी ती वाकणार नाही. जाळी पाण्यापासून किमान सहा इंच वर असावी. मोठ्या बेडकांसाठी फळीच्या कोपऱ्यात काठाच्या दगडाखाली तीन इंचांची फट ठेवा. चौकट चारही बाजूंनी नट-बोल्टने आवळून घ्या, नुसती वर ठेवू नका.