कॅरिओटाइपचा (गुणसूत्रांच्या तपासणीचा) रिपोर्ट आला, पुढे काय केलंत? अनुभव लिहा

माझ्या मुलीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं ४७,एक्सएक्स,+२१. म्हणजे २१वं गुणसूत्र दोनऐवजी तीन, डाऊन सिंड्रोम. डॉक्टरांनी लगेच टू-डी इको करायला सांगितलं, कारण अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. तिच्याही होता, ऑपरेशन वेळेत झालं. थायरॉईड दरवर्षी तपासतो. ‘चेहऱ्यावरून कळतंय, मग टेस्ट कशाला?’ असं अनेक जण म्हणतात. माझं म्हणणं, कराच. ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आलाय त्यांनी लिहा, नव्या आईबाबांना आधार होईल.

मुलाची आई, सांगली:
कराच! आमच्या मुलाची गुणसूत्रं नेहमीसारखी ४६च भरली, तरी डाऊन. जादाचं २१वं गुणसूत्र १४व्याला जोडलेलं होतं. मग आम्हा दोघांचं रक्त तपासलं. माझी ४५ निघाली, तीच जोड माझ्यात, म्हणून दोन मिळून एकच मोजलं गेलं. पण गुणसूत्रांतला ऐवज कमी-जास्त नसल्याने मला कसलाच त्रास नाही. आई वाहक (अशी जोड असलेली) असली तर पुढच्या खेपेला धोका १० ते १५ टक्के, वडील असले तर खूपच कमी. काउन्सेलरताईंनी सासूबाईंनाही समोर बसवून चित्र काढून दाखवलं, तेव्हापासून घरात ‘कुणामुळे’ हा शब्द निघाला नाही. दुसऱ्या वेळी गर्भजल तपासणी केली. त्यासाठी फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत, कायद्याने बंदी आहे.

टर्नर असलेल्या मुलीची आई:
४५,एक्स, म्हणजे दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र. उंची खुंटली म्हणून तपासलं. साधारण २००० ते २५०० मुलींत एकीला असतं. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं जितकी लवकर, तितका उंचीत फायदा. हृदय आणि महाधमनीही तपासून घ्या. शाळेत बाईंनी तिला परस्पर ‘स्लो’ ठरवलं होतं. बुद्धी उत्तम आहे हो तिची, भूमिती तेवढी जड जाते.

पुणे, वय ३४:
मूल होईना म्हणून आधी बायकोच्याच तपासण्या झाल्या. शेवटी माझा रिपोर्ट, ४७,एक्सएक्सवाय, म्हणजे पुरुषात एक एक्स जादा, क्लाइनफेल्टर. भावांनो, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सुरू करण्याआधी मूल हवंय हे डॉक्टरांना सांगा. त्या औषधाने उरलंसुरलं शुक्रजंतूंचं उत्पादनही दबतं.

लॅबमधून:
रिपोर्टला वेळ लागतो कारण पेशी जिवंत वाढवाव्या लागतात, रक्ताच्या साधारण ७२ तास. मग कोल्चिसिन या रसायनाने पेशींचं विभाजन मध्येच थांबवायचं, गुणसूत्रांना रंग द्यायचा, त्यांच्या जोड्या लावायच्या. पेशी जिवंत हव्यात, म्हणून हेपरिनच्या (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाच्या) नळीतलं रक्त कधीही फ्रीझरमध्ये गोठवू नका. आणि मूळ रिपोर्ट जपून ठेवा. सांगलीच्या ताईंसारखी जोड असेल तर मुलाच्या मावशी-मामांनाही तो लागू शकतो.