सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पर्यावरण शपथेची पोस्ट: डीपी फ्रेम की स्वतःचं वाक्य?

ए-१०३: ५ जूनसाठी ‘मी वसुंधरा वाचवेन’ अशी फ्रेम केली आहे. सगळ्यांनी डीपीला लावायची.

सी-४०२: ताई, फ्रेम देखणी आहे, पण डीपी बदलला की शाबासकी आधीच पदरात पडते, मग पुढचं काम कोण करतो? क्रिस्टोफरसन, व्हाइट आणि पेलोझा यांचा २०१४चा अभ्यास आहे: चारचौघांत फुकटचा पाठिंबा दाखवलेले लोक नंतर खरी मदत मागितल्यावर, गुपचूप पाठिंबा देणाऱ्यांच्या मागे पडले. फ्रेम महिना संपल्यावर द्या, ज्यांनी पाळलं त्यांना.

ए-१०३: म्हणजे जाहीर शपथ नकोच?

सी-४०२: हवी की! १९७६ मध्ये पॅलक आणि कमिंग्ज यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या घरमालकांवरचा गॅस-बचतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाव जाहीर होईल असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी खासगीत कबूल झालेल्यांपेक्षा गॅस कमी वापरला. पण तिथे मागणी एकच होती आणि ती मीटरवर दिसत होती. ‘वसुंधरा’ कुठल्या मीटरवर दिसणार?

डी-३०४: शपथेच्या वाक्यात काय, कुठे, कधीपासून, किती दिवस हे यायलाच हवं. उदा. ‘१० जूनपासून ३० दिवस ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी लावणार नाही, तळाला वर्तमानपत्राची घडी ठेवीन.’ पिशवी गाठ मारूनच येते, ती सोडायला कुणी थांबत नाही आणि तशीच खतखड्ड्यात जाते. आत हवा लागत नाही, कचऱ्याचं खत व्हायच्या ऐवजी तो सडतो. वास येतो तो त्याचाच.

बी-२०१: पोल टाकू? पटकन होईल.

डी-३०४: पटकन होतं हीच अडचण, दादा. टिचकी मारली की विसरले. प्रत्येकाने आपलं वाक्य स्वतः टाइप करायचं, कॉपी-पेस्टही नको. स्टेटस २४ तासांत गायब होतं, पिन केलेला मेसेज ३० दिवस राहतो. मात्र मेसेज १५ मिनिटांनंतर एडिट होत नाही, म्हणून आधी सगळी वाक्यं गोळा करा, मग एकच यादी पिन करा.

बी-२०१: न घेणाऱ्यांचीही यादी लावू, लाजेने तरी घेतील.

सी-४०२: अजिबात नको! ‘निम्म्या घरांनी घेतली नाही’ हे वाचून उरलेले निवांत होतात, आपण एकटे नाही म्हणून. आणि मनाविरुद्ध लिहिलेलं वाक्य पिन उतरताच संपतं.

ए-१०३: पाळलं का ते विचारायचं कसं?

डी-३०४: विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतील. पिशवी बांधून आलेले डबे मोजा, विंगप्रमाणे. शपथेच्या आधी एक आठवडा आणि पंधराव्या दिवसापासून पुन्हा एक आठवडा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही. मोजणी समितीतल्या दोघांनी करायची, सफाईवाल्या मावशींवर ढकलू नका.

ए-१०३: सोमवारपासून धरू?

डी-३०४: चालेल. फक्त जोडून सुट्ट्या आलेला आठवडा टाळा. घरं बंद असली की आकडा उगाच कमी येतो.