अनुभव धागा: तैवानमधलं तुमच्या गल्लीतलं जेवणघर

तैवानमध्ये शिकायला किंवा नोकरीला राहिलेल्यांनी इथे लिहावं, ही विनंती. तिथे विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीला बहुधा ओटाच नसतो. त्यामुळे कोपऱ्यावरचं स्वस्त जेवणघर हेच गल्लीचं स्वयंपाकघर. पदार्थांची यादी नको. तिथे तुम्हाला कोण ओळखत होतं, ते सांगा. सुरुवात मी करते; त्यापुढचे अनुभव इतरांचे, प्रत्येक मथळ्याखाली वेगळी व्यक्ती.

शिंचू, छिंगह्वा विद्यापीठ

खोलीत छोटा फ्रीज आणि पाण्याची किटली, एवढंच. पहिला आठवडा बिस्किटांवर काढला. मग मागच्या गल्लीत एका पाटीवर स्वस्तिक दिसलं, आपल्या दारावर असतं तसं. तिथे ती बौद्ध शाकाहाराची खूण. ताट घ्यायचं, मांडलेल्या भाज्यांतून हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनकाट्यावर ठेवायचं. रताळ्याचा पाला, भोपळा, वांगी, टोफूचे कितीतरी प्रकार. कांदा-लसूण अजिबात नाही. पातळ सूप फुकट. माझ्या ताटाचे 80-90 क्वाय व्हायचे (तैवानी डॉलरला बोलताना सगळे क्वायच म्हणतात).

काउंटरवरच्या बाईंना आम्ही ‘आयी’ म्हणायचो. आयी म्हणजे मावशी. फोनवर “आयीकडे जेवले” म्हटल्यावर आई आधी गोंधळली, मग रोज विचारायला लागली, “आज आयीने काय केलं होतं?”

महिन्यातून दोनदा रांग रस्त्यावर यायची. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला एरवी मांस खाणारेही बरेच जण शाकाहार पाळतात, आपल्या संकष्टी-एकादशीसारखा. त्या गर्दीतही आयी माझ्यासाठी वांगी बाजूला काढून ठेवायची. प्रबंधाच्या धावपळीत चार दिवस फिरकले नाही. पाचव्या दिवशी तिने स्वतः ताट वाढलं, वजन केलंच नाही आणि विचारलं, “ज्या पा ब्वे?” तैवानी बोलीत ‘जेवलीस का?’ खुशाली विचारायची तिथली जुनी रीतच ही. पण त्या दिवशी तिला खरंच उत्तर हवं होतं. मला रडू आवरलं नाही.

शिंचू, सायन्स पार्कजवळ

नवरा चिपच्या कारखान्यात, मी आणि दोन वर्षांची लेक घरी. आमचा आधार म्हणजे नाश्त्याचं दुकान. पहाटे उघडायचं, अकराला शटर खाली. दानबिंग म्हणजे अंडं लावलेलं पातळ धिरडं, गुंडाळी करून कापलेलं, सोबत गरम सोयादूध. काय हवं ते छापील कागदावर पेन्सिलने खुणा करून द्यायचं. चिनी अक्षरं मी त्या कागदावरच शिकले. आधी ‘अंडं’, मग ‘दूध’, मग ‘तिखट’.

मालकीणबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला ‘मेइन्यू’, म्हणजे सुंदरी, म्हणायच्या. आमच्या ऐंशीच्या शेजारीणबाईंनासुद्धा. मला ताप आला तेव्हा त्यांनी लेकीला दोन सकाळी काउंटरमागे बसवून घेतलं. त्या गल्लीत मला माहेर मिळालं, असंच मी म्हणते.

तायपेई

मे 2021. कोविडच्या इशाऱ्याची तिसरी पातळी, बसून खायला बंदी. आमच्या नूडल्सवाल्याच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. रोज एकटे येऊन जेवणारे तीन आजोबा होते, त्यांचं काय, हा प्रश्न आधी मालकालाच पडला. तो दुपारी डबे पोचवू लागला. दोनदा मीही नेले. एका आजोबांनी डबा घेतला आणि दारातच पाच मिनिटं बोलत राहिले. मला निम्मंच कळलं, पण मी थांबलो.

काओश्युंग

मी शाकाहारी. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) पालेभाजी मागितली, तर उकडलेल्या पाल्यावर डुकराच्या मांसाचा रस्सा घालून आली. तिथली ही नेहमीची रीत, माझं सांगणं अपुरं पडलं. दोन घास गेल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं. मालकाने माझा चेहरा पाहिला. नवी बशी आणली आणि एका चिठ्ठीवर चिनीत लिहून दिलं, “मी शाकाहारी आहे, मांसाचा रस्साही नको.” तीन वर्षं त्या चिठ्ठीवर मी बेटभर जेवलो. आता ती ठाण्याला माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.